आधी नमुना, मग सुई

दर पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढले की सोलापुरात एक वाद हमखास उभा राहतो. एका बाजूचं म्हणणं असं की डॉक्टर उठसूट तपासण्या लिहून देतात, लॅबवाल्यांशी त्यांचं साटंलोटं असतं, पूर्वीचे डॉक्टर नाडी बघून गोळी देत आणि माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसे. दुसरी बाजू म्हणते, डॉक्टर, मेडिकलवाले आणि लोक मिळून अँटिबायोटिकची वाट लावताहेत. रिपोर्ट हातात आल्याशिवाय गोळी देणंच बंद करा. दोन्हीकडच्या रागाला कारण आहे, पण भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललं आहे. गंभीर जंतुसंसर्गात तपासणी आणि उपचार दोन्ही एकाच तासात व्हावे लागतात. ठरलेला असावा लागतो तो क्रम: आधी रक्ताचा नमुना कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) बाटलीत, पाठोपाठ लगेच अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि ४८ तासांनी रिपोर्ट समोर ठेवून औषधाचा फेरविचार. आणि माझं पुढचं म्हणणं असं आहे की या कल्चरचे पैसे पेशंटच्या नातेवाइकांनी भरायचे नाहीत, ते सरकारी तिजोरीतून आले पाहिजेत. माझी नोकरीची सगळी वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. त्या टेबलावरून जे दिसतं ते या वादात कुणीच बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तपासण्यांवर चिडलेल्यांचं खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. विडाल टेस्टचंच घ्या. फर्नांद विडाल यांनी ती १८९६ मध्ये मांडली, आणि आजही आपल्याकडे ताप आला की पहिल्या कागदावर तीच असते. ती रक्तातले जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. आपल्या भागात पूर्वी कधीतरी टायफॉईड होऊन गेलेल्या, लस घेतलेल्या, किंवा भलताच ताप असलेल्या माणसाचीही विडाल थोडीफार वर दिसते. एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉईड ठरवणं जवळजवळ निरर्थक आहे. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट वाढलेला दिसला तर त्याला काही अर्थ. पण आठ-दहा दिवस थांबणार कोण? म्हणून "टायफॉईड निघाला" हे वाक्य घरोघर ऐकू येतं आणि त्यातल्या किती जणांना खरोखर टायफॉईड होता हे कुणालाच कळत नाही. डेंगीतही तेच. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी), असा साधा हिशेब आहे. तो चुकला तर पैसे वाया जातात आणि खोटा दिलासा मिळतो तो वेगळाच. मग रोज 'पेशी', म्हणजे प्लेटलेट, मोजायच्या आणि आकडा घसरला की प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावाधाव. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा खाली आला म्हणून प्लेटलेट चढवण्याची सहसा गरज नसते. ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं का, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय का, लघवी होते आहे का, पोट दुखतंय का, हे बघण्यात पेशंटचा जीव असतो. चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आणि म्हणून घरोघर पिंपं भरून ठेवणाऱ्या या शहराला डेंगीचं हे गणित तोंडपाठ असायला हवं होतं.

तेव्हा फालतू तपासण्या होतात, आणि कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारं कमिशन, ही कुणाच्या डोक्यातली कल्पना नाही. पण यातून 'तपासण्या कमी करा' हा निष्कर्ष कसा निघतो? विडाल इतकी का होते? ती स्वस्त आहे आणि संध्याकाळपर्यंत कागद हातात येतो, म्हणून. कल्चर का होत नाही? ते महाग आहे, दोन-तीन दिवस घेतं आणि तालुक्याच्या गावी कुठे मिळतच नाही, म्हणून. म्हणजे वाईट तपासणी चांगल्या तपासणीची जागा अडवून बसली आहे. चांगली तपासणी हाताशी आणल्याशिवाय ती जागा मोकळी होणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जड, आक्षेप. पेशंट मरणाच्या दारात असताना रिपोर्टची वाट बघायची का? मुळीच नाही. रक्तात संसर्ग पसरून रक्तदाब कोसळलेल्या पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात योग्य अँटिबायोटिक द्यायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की शॉकमधल्या पेशंटला तासाभरात औषध मिळालंच पाहिजे. माणूस असंबद्ध बडबडू लागला, श्वास भराभर चालू लागला, हातपाय गार पडले, सकाळपासून लघवी झाली नाही, तर तिथे "रिपोर्ट आल्याशिवाय गोळी नाही" म्हणणारा माणूस कितीही तत्त्वनिष्ठ असो, तो जीव घेईल. मेंदूज्वरातही तसंच. मेंदूला हर्पिसची सूज आल्याचा नुसता संशय आला तरी असायक्लोव्हिर सुरू करायचं असतं, कारण उपचार न मिळालेले बहुतेक रुग्ण दगावतात. फ्लूने धाप लागलेल्याला ऑसेल्टामिव्हिर स्वॅबच्या निकालाआधीच द्यायचं असतं.

पण हा आक्षेप वाट बघण्यावर आहे, नमुना घेण्यावर नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि सगळा वाद तिथेच फसतो. नमुना घ्यायला वेळ किती लागतो ते सांगतो. दंडाला पट्टा बांधायचा, शीर बघायची, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसायची आणि ती आपोआप वाळू द्यायची. हे वाळण्याचं अर्धं मिनिट घाईत गाळलं जातं आणि मग कातडीवरचेच जंतू बाटलीत उगवतात. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसायचं आणि मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एकेका बाटलीत सोडायचं. दोन मिलिलिटर घेऊन भागत नाही, कारण एवढ्या रक्तात जंतू मोजके असतात. दुसऱ्या हातावर हेच पुन्हा. नर्सचा हात बसलेला असेल तर पाच-सात मिनिटं. त्यानंतर त्याच शिरेतून पहिला डोस. तासाभराच्या मुदतीत हे बसत नाही असं कोण म्हणेल?

आणि नंतर घेतला नमुना तर काय बिघडतं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्याच पेशंटांचं रक्त औषधाआधी आणि औषध सुरू केल्यावर दोन तासांच्या आत, असं दोनदा घेतलं होतं. आधीच्या नमुन्यांत ३१ टक्क्यांत जंतू सापडले, नंतरच्यांत १९ टक्क्यांत. दोन तासांत एवढा फरक, तर आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी येणाऱ्या बाटल्यांचं काय होत असेल? तालुक्याहून पेशंट येतो तेव्हा नातेवाइकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात विडालचे दोन कागद, पेशींचे चार, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि इंजेक्शनचं नाव असलंच तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने गुण आला नाही म्हणून अमिकासिन, त्यानेही ताप हटला नाही म्हणून मेरोपेनेम. सहाव्या दिवशी कुणीतरी कल्चर पाठवतं आणि आम्ही लिहितो: 'वाढ नाही'. नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, "म्हणजे नॉर्मल आहे ना?" काय सांगायचं त्यांना? जंतू होता की नव्हता, कोणता होता, कोणत्या औषधाला दाद देत होता, हे सगळं पहिल्या दिवशीच्या त्या पाच मिनिटांबरोबर गेलेलं असतं. त्यानंतरचा प्रत्येक डोस म्हणजे अंधारात मारलेला दगड.

पाठीतलं पाणी काढण्याबद्दलही इथेच बोललं पाहिजे. मेंदूज्वराचं निदान त्या पाण्यावर ठरतं, आणि आपल्याकडे अजूनही ठाम समज आहे की पाठीत सुई घातली की माणूस कायमचा लुळा पडतो. शिकली-सवरलेली माणसंही सहीला नकार देतात. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो हे चित्र काढून समजावलं की बरेच जण तयार होतात, पण रात्री अकरा वाजता समजावत बसायला कुणाला सवड असते? औषध सुरू करायला इथेही थांबू नये. मात्र नातेवाइकांनी "नको" म्हटल्यावर तो विषय तिथेच सोडून देण्याची डॉक्टरांची सवय मला मान्य नाही.

कल्चरवर होणारा आणखी एक आक्षेप माहितगार डॉक्टरांकडून येतो आणि तो मला गंभीर वाटतो. कल्चर करूनही पुष्कळदा काहीच उगवत नाही. खरं आहे. टायफॉईडमध्ये सुद्धा रक्ताचं कल्चर साधारण साठ टक्के रुग्णांतच पकडतं. डेंगीचा विषाणू त्या बाटलीत वाढत नाही, लेप्टोस्पायरोसिसची वेगळी तपासणी लागते. स्क्रब टायफसचा जंतू तर जिवंत पेशीच्या आतच वाढतो. त्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या कितीही बाटल्या चढवा, उपयोग शून्य, आणि डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी दोन दिवसांत ताप उतरतो. तिथे निदान होतं ते पेशंटचे कपडे बाजूला करून काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली किडा चावल्याचा काळा खपला शोधणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांनी. त्या डोळ्यांना पर्याय नाही. पण पहिल्या डोसआधी घेतलेल्या कल्चरमध्ये ४८ तासांत काही उगवलं नाही आणि पेशंट सावरतो आहे, तर जबरी अँटिबायोटिक थांबवण्याचा आधार डॉक्टरला मिळतो. औषध कधी सुरू करायचं यावर आपण रात्र-रात्र वाद घालतो. ते कधी बंद करायचं, यावर कुणी बोलताना ऐकलंय?

सगळ्यांचीच तपासणी करा असं मात्र मी म्हणत नाही, आणि इतिहासही तसं सांगत नाही. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने (कॉलऱ्याने) माणसं पटापट मरत होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी प्रत्येकाची तपासणी करत न बसता पिंपांतून मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण तिसाच्या घरातून चार टक्क्यांच्याही खाली आलं. नाडी बघून औषध देणाऱ्यांच्या बाजूने याहून मोठा दाखला मिळणार नाही. पण ते शक्य कशाने झालं? पटकीत माणूस शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे मरतो आणि ग्लुकोजबरोबर सोडियम दिलं तर आतडं ते शोषून घेतं, हे आधी ढाका-कोलकात्याच्या संशोधनातून पक्कं झालं होतं म्हणून. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातच पटकीचा जंतू वेगळा केला होता. २००९ च्या स्वाइन फ्लूतही आपल्या सरकारने अ, ब, क असे गट पाडले: साध्या सर्दी-तापाला तपासणी नाही, जोखमीच्या रुग्णाला तपासणीविना औषध, धाप लागलेल्याची तपासणी आणि भरती. हा शहाणपणा होता. साध्या तापाला पॅरासिटामॉल आणि पाणी पुरतं. मी बोलतो आहे ते बेड लागलेल्या, सलाईन लागलेल्या, इंजेक्शनवर ठेवलेल्या पेशंटबद्दल.

निदानाला सरकारी यंत्रणेने गंभीरपणे घेतलं की काय होतं आणि टाळलं की काय होतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. आधी त्यावर शंकाच घेतल्या गेल्या. निदान खरं ठरल्यावर जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांना पाचारण करण्यात आलं, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. अवघ्या चार महिन्यांत हे घडलं. त्याच वर्षी पुण्यात मात्र निदान म्हणजे घरात घुसून झडती असा अनुभव लोकांना आला आणि लोक आजारी माणसं लपवू लागले. तपासणी माणसाच्या भल्यासाठी आहे असं दिसलं तरच लोक हात पुढे करतात. आज तोच हात खिशाकडे जातो, कारण तपासणी म्हणजे बिल हे समीकरण त्यांच्या मनात घट्ट बसलं आहे.

खर्च कुणाचा, हा प्रश्न इथे येतो. टायफॉईडच्या औषधांची गोष्ट बघा. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि जीवघेणा आजार गोळीने बरा होऊ लागला. १९७२ मध्ये केरळात त्याला न जुमानणारा टायफॉईड साथीने पसरला. पुढे एकाच वेळी तीन-तीन औषधांना दाद न देणारे जंतू आले, मग सिप्रोफ्लॉक्सासिनचा काळ आला आणि गेला. २०१६ पासून पाकिस्तानात सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड फिरतो आहे. यातलं प्रत्येक वळण जगाला कळलं ते कुणाच्या तरी रक्ताच्या बाटलीतून. ज्याचं रक्त होतं त्याला फायदा झाला असेल वा नसेल, पुढच्या हजारो पेशंटांना नक्की झाला. आज अक्कलकोटचा डॉक्टर लघवीच्या संसर्गाला कोणती गोळी द्यायची हे कशावरून ठरवतो? बहुधा कंपनीच्या प्रतिनिधीने काय सांगितलं यावरून. जिल्ह्यातल्या दोन-तीनशे कल्चरचा गोषवारा दर वर्षी त्याच्या टेबलावर पडला, कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो असा, तर तो पहिल्याच चिठ्ठीत बरोबर औषध लिहील. याला अँटिबायोग्रॅम म्हणतात आणि केरळने राज्यपातळीवर तो काढून दाखवला आहे. जे ज्ञान सगळ्या जिल्ह्याच्या कामी येतं त्याची किंमत विडी वळणाऱ्या बाईने तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मोजायची, हा कुठला न्याय? तिला ती परवडत नाही, म्हणून कल्चर होत नाही, म्हणून पुढच्या पेशंटचा डॉक्टरही अंदाजानेच चालतो.

"हे आपल्यासारख्या गरीब देशाला झेपायचं नाही," असं म्हणणारे भेटतात. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाचं संशोधन केंद्र निघालं तेव्हाही हेच म्हटलं गेलं असणार. तिथे दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या गरीब रुग्णांना घरीच औषध दिलं, नियमाने थुंकीचं कल्चर केलं आणि १९५९ मध्ये दाखवून दिलं की घरचा उपचार सॅनेटोरियमच्या तोडीचा आहे. जगाचं क्षयरोगाचं धोरण त्यानंतर बदललं. आज क्षयाचा संशयित सरकारी दवाखान्यात गेला तर सीबीनॅट यंत्रावर दोन तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे फुकट कळतं, कारण क्षय हा सगळ्या समाजाचा आजार आहे हे आपण मान्य केलं. २०२० मध्ये कोविडचे स्वॅब आधी पुण्याला जात आणि निकालाची वाट बघावी लागे. काही आठवड्यांत आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात आरटीपीसीआर सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या जीबीएसच्या (नसांवर घाला घालणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमच्या) उद्रेकातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला, तेव्हा शौचाच्या नमुन्यातला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू शोधण्याचं महत्त्व सगळ्यांना एका आठवड्यात पटलं. भीती वाटली की आपल्याला झेपतं.

मेडिकलवर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकायला बंदी घाला, ही मागणी मी नाकारत नाही. २०१४ पासून एच-१ यादीतल्या (ज्यात काही जबरी अँटिबायोटिक येतात) औषधांची वेगळी नोंदवही ठेवण्याचा नियम आहेच. तो पाळला जावा. पण यंत्रमागावर रोजावर काम करणारा माणूस मेडिकलमधून दोन गोळ्या घेतो तो हौसेने घेत नाही, एक दिवसाचा रोज बुडतो म्हणून घेतो. आणि शेवटच्या फळीची औषधं सर्वांत जास्त वापरली जातात ती मेडिकलच्या काउंटरवर नव्हे, आयसीयूत, डॉक्टरांच्याच सहीने. तिथे नियमाइतकाच रिपोर्ट लागतो.

व्यवहारात करायचं काय? १९६३ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा गावात आहे. कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, ती साध्या खोलीच्या तापमानाला राहते आणि काही तासांत इनक्युबेटरपर्यंत (जंतू वाढवणाऱ्या उबदार पेटीपर्यंत) पोहोचली तर चालते. अक्कलकोट ४० किलोमीटर, पंढरपूर सत्तरेक. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाटल्या ठेवायच्या, पेशंटला इंजेक्शन देण्याआधी दोन भरायच्या, संध्याकाळच्या ठरलेल्या गाडीने सोलापूरला पाठवायच्या. करमाळ्यासारख्या लांबच्या तालुक्याची गाडी लवकर सोडावी लागेल. आषाढीच्या आठवड्यात पंढरपुरातच तात्पुरता इनक्युबेटर मांडावा लागेल. यासाठी नवी इमारत लागत नाही.

लागतात ती माणसं. बाटलीत वाढ दिसली की ग्रॅम स्टेन करून (जंतूंना रंग देऊन) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला वीसेक मिनिटं पुरतात. जांभळे गोळे की गुलाबी दांड्या, एवढं कळलं तरी औषधाची दिशा बदलू शकते, आणि अंतिम रिपोर्टला अजून एक-दोन दिवस असतात. बाटली बऱ्याचदा रात्रीच पॉझिटिव्ह होते. त्या वेळी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ हजर हवा आणि त्याच्याकडे तालुक्याच्या ड्युटी डॉक्टरचा फोन नंबर हवा. रात्रपाळीच्या या दोन-तीन जागा आणि वर्षभराच्या बाटल्यांचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत आराखड्यात घ्यावा, अशी मागणी आमदारांकडे, जिल्हा परिषदेकडे आणि पालकमंत्र्यांकडे लेखी गेली पाहिजे. पावसाळा सुरू होण्याआधी बाटल्या तालुक्याला पोहोचायच्या असतील तर ती मार्चच्या आत जायला हवी.